नखं क्लायंटची, सोलतात आपली बोटं: फायलिंग करताना या चुका टाळा

नवी मुलगी नखं करायच्या कामाला आली की मी आधी तिचा डावा हात बघते. सर्टिफिकेट आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो नंतर. डाव्या तर्जनीच्या नखाची एक कड झिजून तिरपी झाली असेल, अंगठ्याच्या पेरावर बारीक आडवे चरे असतील, तर ती भरपूर काम करते हे कळतं आणि बोट चुकीचं धरते हेही कळतं.

आपल्या कामात सगळं शिक्षण उजव्या हाताला मिळतं. फाईलचा कोन किती ठेवायचा, आमंड शेपला कुठून वळायचं, दाब कुठे सोडायचा, सगळं उजव्याला. डावा हात नुसता क्लायंटचं बोट धरून बसतो आणि मार खातो. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं वाचावं.) मी शिकत होते तेव्हा मला सांगितलं होतं, "हात बसला की चरे आपोआप थांबतील." हात बसला, पण चरे काही थांबले नाहीत. पहिल्या लग्नसराईत रोज चार-पाच एक्स्टेन्शन्स, म्हणजे नखं लांब करायला लावलेली कृत्रिम नखं, चालायची. अशाच एका रात्री घरी ठेचा करायला बसले, हिरव्या मिरच्या हाताने मोडल्या आणि पुढचा अर्धा तास नळाखाली बोटं धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी काम करताना पहिल्यांदाच उजव्या हाताऐवजी डाव्याकडे बघत बसले.

चरा कुठे पडलाय, ते आधी बघा

तर्जनीची बाहेरची कड आणि तिथलंच नख झिजत असेल, तर क्लायंटचं बोट तुम्ही फार पुढे धरताय. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती होण्यामागे कारणही आहे. लांब एक्स्टेन्शनवर फाईल फिरली की बोटाचं शेवटचं पेर डुगडुगतं. ते डुगडुगू नये म्हणून आपण नकळत पकड पुढे सरकवतो, आणि आपल्या बोटाचं टोक थेट फाईलच्या वाटेत येतं. मग एकाच फटक्यात दोन नखं घासली जातात, त्यातल्या एकाचेच पैसे मिळतात.

पकड मागे घ्या. तुमचा अंगठा आणि तर्जनी क्लायंटच्या शेवटच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना हवीत, त्यांची टोकं क्युटिकलच्या (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या) रेषेच्या मागे आणि नखाच्या पातळीच्या खाली. डुगडुगणं थांबवायला मधलं बोट वापरा. ते क्लायंटच्या बोटाच्या गादीखाली टेकवा, तिथे फाईल येत नाही. उजव्या हाताची करंगळीही हवेत ठेवू नका. ती क्लायंटच्या किंवा स्वतःच्या डाव्या हातावर टेकलेली असली की फाईल सटकली तरी लांब जात नाही.

बरोबर धरलंय का, हे बघायचं सोपं आहे. फाईल ज्या कोनात चालवणार त्या कोनात नखावर नुसती टेकवा, हलवू नका. आता खाली वाकून बाजूने बघा. फाईल तुमच्या कातडीला कुठे लागतेय का? लागत असेल तर आधी पकड बदला, मग सुरुवात करा. प्रत्येक बोटाला दोन सेकंद लागतात. आठवड्याभरात डोळ्यांनाच सवय होते, वाकावं लागत नाही.

अंगठ्यावर चरे असतील तर प्रश्न साइडवॉलचा, म्हणजे नखाच्या बाजूच्या कडेचा आहे. नखाच्या कडेची कातडी मागे ओढून धरल्याशिवाय साइडवॉल सरळ निघत नाही, आणि ती ओढायला अंगठा तिथे लागतोच. इथे दोन गोष्टी करता येतात. एक, फाईल नखाभोवती फिरवायच्या ऐवजी क्लायंटचं बोट फिरवा. बोट कलतं केलं की कड तुमच्या समोर येते आणि फाईल सरळ रेषेत चालते. दोन, साइडवॉलपाशी लांब फटके मारू नका. फाईलचा टोकाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग पुरतो. लांब फटका वरच्या पृष्ठभागावर शोभतो, कडेला तो अंगठ्यावरूनच जातो. एवढं करूनही अंगठा लागणार असेल तर टेप, त्याचं पुढे सांगते.

चरे कुठेही, कसेही, वेडेवाकडे पडत असतील तर बहुतेक वेळा दोष नव्या कोऱ्या फाईलचा असतो. पाकिटातून काढलेल्या फाईलची लांब कड कागदाच्या धारेसारखी कापते. एखादी जुनी फाईल घ्या आणि नवीच्या दोन्ही कडांवरून तिरपी धरून चार-पाच वेळा ओढा, टोकांवरूनही. मग बोटाची बाजू कडेवरून हलकी फिरवून बघा, खरखर लागली तरी चालेल, धार लागता कामा नये. क्लायंटच्या क्युटिकलला अचानक रक्त येतं तेही बऱ्याचदा याच कडेमुळे.

ग्रिटचं, म्हणजे फाईलच्या खरखरीतपणाच्या आकड्याचंही तेच. आकडा जितका कमी तितकी फाईल जास्त खरखरीत. जुनं ॲक्रिलिक उतरवायचं नसेल तर ८० ग्रिट हातात घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. एक्स्टेन्शनच्या शेपिंगला १००/१८० (एका बाजूला १००, दुसऱ्या बाजूला १८०) पुरते, नैसर्गिक नखाला १८० च्या खाली जाऊच नये, २४० उत्तम. आणि गुळगुळीत झालेली फाईल काटकसर म्हणून चालवत बसू नका. ती कापत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ती सटकते.

टेप, ग्लोव्हज आणि नुसती चिकटपट्टी

साधं बँडेज चिकटवून काम करणाऱ्या खूप जणी बघते. त्याच्या कडेच्या गोंदाला धूळ चिकटते, दुसऱ्या क्लायंटपर्यंत ते काळं पडतं आणि तिसऱ्यापर्यंत सुटतं. त्यापेक्षा स्वतःलाच चिकटणारी, लवचिक, क्रेप बँडेजसारखी टेप मिळते ती घ्या. केसांना किंवा कातडीला ती चिकटत नाही. अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी, फक्त शेवटच्या पेरावर, दोन वेढे, सांधा मोकळा. ओढून गुंडाळू नका. बोटाचं टोक निळसर दिसलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

टेप ग्लोव्हच्या आत की बाहेर? माझं मत, बाहेर. आत लावली तर बोट वाचतं पण ग्लोव्ह फाटतो, आणि फाटलेल्या ग्लोव्हचा उपयोग नाही. बाहेर लावली की दोन्ही वाचतात, आणि क्लायंट उठली की टेपसकट ग्लोव्ह कचऱ्यात जातो. एकच टेप दिवसभर वापरायची नाही, तिच्यात धूळ आणि ओल दोन्ही मुरतात.

ग्लोव्हज नायट्राइलचे आणि अंगाबरोबर बसणारे घ्या. ई-फाईल, म्हणजे विजेवर फिरणारं फायलिंगचं मशीन, वापरताना हे जास्तच महत्त्वाचं. बोटाच्या टोकाला लोंबणारा सैल ग्लोव्ह फिरत्या बिटमध्ये (मशीनच्या घासणाऱ्या टोकात) गुंडाळला जातो, आणि मशीन मिनिटाला हजारो फेऱ्या मारत असताना पाय पेडलवरून काढायलाही वेळ मिळत नाही. सुटलेलं टेपचं टोकही तसंच अडकतं, म्हणून ते दाबून बसवा.

हा चरा नाहीच, असंही असू शकतं

फाईलने सोललेली कातडी ओळखू येते. ती एका बाजूला असते, झोंबते, आणि दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली की भरत येते. पण दोन्ही हातांच्या बोटांची टोकं लाल होऊन खाजत असतील, कातडी सुकून भेगा पडत असतील, अधूनमधून पापण्या सुजत असतील, तर टेप गुंडाळून उपयोग नाही. जेल आणि ॲक्रिलिकमधल्या ॲक्रिलेट गटातल्या रसायनांची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यातलं एचईएमए (HEMA) हे नाव जेलच्या बाटल्यांवर दिसेल. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच गटातली द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधे बदलताना वापरतात त्या बोन सिमेंटमध्येही असतात. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नक्की सांगतात. ती करून घ्या, "ॲसिटोनमुळे होतंय" म्हणून क्रीम चोळत वर्ष काढू नका.

चऱ्यांचा इथे थेट संबंध आहे. सोललेल्या कातडीतून ही द्रव्यं आत जायला आणखी सोपं पडतं. आणि ग्लोव्ह घातला म्हणजे झालं असंही नाही. पातळ नायट्राइलमधूनही न सुकलेलं जेल काही मिनिटांत पार होतं. ग्लोव्हला जेल लागलं की पुसून पुढे चालू नका, बदला.

ताठ हाताची नवरी

हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. चुडा भरल्यावर नखं करायला आलेली नवरी बांगड्या टेबलावर आपटू नयेत म्हणून मनगट अधांतरी धरते. खांद्यापासून बोटापर्यंत सगळं ताठ. फाईलला हात लावला की ते बोट उडी मारतं, आणि उडी मारून येतं ते तुमच्या बोटावर. टॉवेलची जाड गुंडाळी करून चुड्याच्या मागे, कोपराकडच्या बाजूला ठेवा. हाताचा भार तिच्यावर आला की बोटं आपोआप सैल पडतात. मेंदीवर तेल लावून आली असेल तर तिला हात धुवायला सांगू नका, ती ऐकणार नाही आणि बरोबरच आहे तिचं. कोरड्या टिश्यूने फक्त बोटांच्या बाजू आणि गाद्या टिपून घ्या, तेवढ्याने पकड येते.

"ताई, मी हेल्प करते" म्हणून बोट स्वतःच उचलून धरणाऱ्या काकूंनाही हेच सांगायचं: काकू, हात माझ्याकडे सोडून द्या.

रक्त आलंच तर

काम थांबवा. ग्लोव्ह काढा, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, दाबून धरा, वॉटरप्रूफ पट्टी लावा, नवा ग्लोव्ह घाला. रक्त लागलेली फाईल फेकून द्या. ती सच्छिद्र असते, स्पिरिटने पुसून स्वच्छ होत नाही. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. या कामात येणाऱ्या प्रत्येकीने त्याची लस घ्यावी. नेहमीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. क्लायंटचं रक्त तुमच्या उघड्या जखमेवर लागलं असेल तर लाजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं.

सध्या माझ्याकडे शिकणारी मुलगी आली तेव्हा तिच्या डाव्या तर्जनीचं नख असंच तिरपं होतं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. पकड मागे घेतल्यापासून दोन महिन्यांत ते सरळ झालं. आता ती रोज सकाळी नव्या फायलींच्या कडांची धार मोडून ठेवते, माझ्यासाठीही.