गावतळे आणि पाणथळ जागा राखताना ग्रामपंचायतींनी या चुका टाळाव्यात

तळ्यात भराव पडू लागला की ग्रामपंचायत घाईने ठराव करते आणि ‘पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017’ यांचा आधार घेऊन तक्रार पाठवते. पुष्कळदा ती टिकत नाही, कारण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, भातखाचरे आणि नदीपात्र या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. म्हणून आपले तळे नैसर्गिक आहे की बांधलेले, हे आधी तपासावे. नैसर्गिक असल्यास ते अधिसूचित व्हावे यासाठी राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे मागणी करावी. बांधलेले असल्यास अतिक्रमण हटवण्याचा मार्ग धरावा; जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि तो खटला मुळात एका गावतळ्याचाच होता. अर्थात, बांधलेल्या जलाशयाला संरक्षण मिळतच नाही असेही नाही: गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हद्द उन्हाळ्यात ठरवणे. मे महिन्यात पाणी आटलेले असते, उरलेल्या डबक्याभोवती दगड रोवले जातात आणि लव्हाळा व पाणकणीस वाढणारी, माशांना अंडी घालायला आणि पाणपक्ष्यांना चरायला लागणारी काठाची उथळ पट्टी कोरडी जमीन ठरून हातची जाते. नियमांनुसार ज्या 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही, ते अंतर नियम लागू होण्याआधीच्या 10 वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून मोजायचे असते, उन्हाळी काठापासून नव्हे. त्यामुळे भर पावसाळ्यात तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, पाणी कुठवर चढले याच्या खुणा ज्येष्ठ ग्रामस्थांना विचारून नोंदवाव्यात आणि गाव नकाशा व सातबारा उतारा जोडून ग्रामसभेच्या ठरावासह मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात द्यावा.

सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सरसकट काँक्रीटची भिंत घालू नये. तिने हीच उथळ पट्टी नाहीशी होते. गाळ काढताना यंत्र तळाच्या चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचले की काम थांबवावे, कारण तो थर फुटल्यावर पाणी झिरपून जाते. जलपर्णी काढूनही दरवर्षी परत येत असेल, तर तळ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याच्या गटारांची पाहणी करून ती आधी वळवावीत.