गोव्याहून बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमीने जाताय? जेवणाचं आधी हे बघून घ्या

भाऊ दिल्लीला असतो आणि आईच्या डोळ्यांची तपासणी मुंबईला असते, त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं डिचोलीहून आमच्या फेऱ्या चालूच आहेत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून जमेल तेव्हा पुढच्या रांगांचं तिकीट काढते. आता ओळखीतलं कोणी जाणार असलं की फोन येतो आणि विचारतात एकच, एवढे पैसे भरतोय तर जेवायला काय देतात गो? प्रत्येकाला तेच परत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच ठेवते.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा की ताटात काय येणार हे तिकिटाच्या क्लासपेक्षा फ्लाइट किती वेळाची आणि किती वाजताची आहे यावर जास्त ठरतं. गोवा-मुंबई तिकिटावर साधारण सव्वा तास दिसतो, पण त्यातला धावपट्टीवर जाणारा वेळ काढा, वर चढताना आणि खाली उतरताना सीटबेल्टचा दिवा लागलेला असतो तो वेळ काढा, तर क्रूच्या हातात अर्धा-पाऊण तास उरतो आणि तेवढ्यात वाढणं, खाणं, ताटं उचलणं सगळं व्हायला लागतं. म्हणून मुंबई किंवा बंगळुरूला बिझनेसमध्ये बसलात तरी एकाच ट्रेमध्ये सगळं एकदम येतं, गरम पदार्थ, सॅलड, पाव, गोड. एकेक कोर्स आरामात येईल ही अपेक्षा या अंतरावर ठेवू नका. दिल्लीचं वेगळं, अडीच तासाच्या वर फ्लाइट आहे, तिथे वेलकम ड्रिंक, गरम टॉवेल, कापडी नॅपकिन, चिनी मातीच्या प्लेट, दोन-तीन पदार्थांतून निवड आणि नंतर चहा-कॉफी, असं नीट निवांत होतं.

वेळेचंही तसंच. पहाटेच्या फ्लाइटला नाश्ता असतो, दुपारी बारा ते दोनच्या आसपास जेवण, तीन-चारनंतर सँडविच, समोसा, केक या धर्तीचं हाय-टी, आणि सात वाजून गेले की रात्रीचं जेवण. अगदी उशिराच्या फ्लाइटला पुष्कळदा नुसतंच हलकं काहीतरी देतात. गोव्यातून निघताना हे जास्त बघावं लागतं कारण दाबोळी विमानतळ नेव्हीचा तळ आहे, आठवड्याच्या दिवसांत सकाळी काही तास त्यांचा सराव चालतो आणि तेव्हा नागरी विमानं नसतात, म्हणून तिथे वेळा एकतर खूप लवकरच्या नाहीतर दुपारनंतरच्या मिळतात. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाला (५ जानेवारी २०२३ पासून तिथून फ्लाइट सुटतात) ती अडचण नाही. पण दक्षिणेकडच्या मडगाव, केपेच्या माणसाला मोपा म्हणजे घरातून निघायचं गणितच बदलतं, दुपारी साडेतीनची फ्लाइट असली तर अकरा-साडेअकराला घर सोडणार, म्हणजे जेवण राहिलं, आणि वर विमानात हाय-टी. अशा वेळी घरून जेवूनच निघा, विमानातल्या ट्रेवर विसंबू नका.

आता प्रीमियम म्हणजे नेमकं काय, कारण यातच लोक सगळ्यात जास्त फसतात. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे बिझनेस आणि इकॉनॉमी यांच्या मधला क्लास. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे ज्यांना विस्ताराच्या प्रीमियम इकॉनॉमीची सवय होती त्यांनी आता एअर इंडियाच बघायची. त्यांच्या ए३२० विमानांत नव्या मांडणीत ८ सीट बिझनेसच्या, २४ प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि १३२ इकॉनॉमीच्या असतात. इंडिगोने २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली-मुंबईपासून स्ट्रेच नावाच्या मोठ्या सीट सुरू केल्या, पण तिथे खायला शाकाहारी बॉक्स असतो, गरम ट्रे नाही, मांसाहाराच्या आशेने ते तिकीट घेऊ नका. एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात पुढे मोठ्या सीट असल्या तर त्यात जेवण धरलेलं असतं. गोव्यातून उडणारी पुष्कळ विमानं सरसकट इकॉनॉमीचीच असतात, म्हणून बुक करताना तुमच्या तारखेच्या त्याच फ्लाइटला कुठला क्लास दाखवतंय ते बघा, शेजारी गेल्या महिन्यात कसा गेला त्यावर जाऊ नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर मुंबई किंवा बंगळुरूला फक्त जेवणासाठी प्रीमियम इकॉनॉमी घेऊ नका. एअर इंडियात इकॉनॉमीलाही जेवण मिळतं आणि तासाभराच्या फ्लाइटला दोन्ही ट्रेंमध्ये फरक थोडा. पाय मोकळे राहतात, आधी उतरायला मिळतं, आईसारख्या माणसाला ते मोलाचं आहे, त्यासाठी घ्या. बिझनेस असेल तर विमानतळावर लाउंज (बसायची खास खोली) मिळतो, तिथे बुफे असतो, म्हणून छोट्या फ्लाइटला खरं पोटभर जेवण लाउंजमध्ये करावं आणि विमानात चहा-फळांवर भागवावं. प्रीमियम इकॉनॉमीला लाउंज बहुतेक वेळा नसतो, ते तिकिटावर वाचून घ्या.

आणि आपल्या गोव्याच्या लोकांचा हमखास येणारा प्रश्न, ड्रिंक्स मिळतात का. नाही. देशातल्या देशात उडणाऱ्या फ्लाइटवर दारू देत नाहीत, डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा) नियमच तसा आहे, क्लास कुठलाही असो. वेलकम ड्रिंक म्हणजे ज्यूस, लिंबूपाणी किंवा ताक.

चवीबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण यातलं थोडं समजलं की निवड बरोबर होते. हे जेवण विमानात शिजत नाही. जमिनीवरच्या फ्लाइट किचनमध्ये काही तास आधी शिजवतात, झटपट थंड करतात, मग गाडीतून विमानात चढवतात आणि वर गॅलीतल्या (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या) ओव्हनमध्ये गरम हवेवर परत तापवतात. त्यात केबिनमधली हवा इतकी कोरडी की नाक-घसा सुकतो, आणि दाब असतो सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. नाक सुकलं की वास कमी येतो, मीठ आणि गोड जिभेला कमी लागतं. आंबट, तिखट, टोमॅटोचा रस्सा हे मात्र टिकून राहतं. म्हणून रस्स्याचं घ्या. डाळ, राजमा, नारळाच्या किंवा टोमॅटोच्या ग्रेव्हीतली भाजी किंवा चिकन, आणि सोबत भात. परत तापवल्यावर भात चालतो, पराठा-रोटी मात्र चामट होते. ऑम्लेट रबरासारखं लागतं, इडली-सांबार किंवा उपमा त्यापेक्षा कितीतरी बरा. ग्रिल केलेलं चिकन ब्रेस्ट आणि पास्ता मी तरी घेत नाही. मासळी दिसली तर आपला हात आपोआप तिकडे जातो, मला कळतं ते, पण दोनदा तापवलेला माशाचा तुकडा कोरडा पडतो आणि हुमणाची (आपल्या माशाच्या आमटीची) आठवण काढत जेवायचं तर त्यापेक्षा चिकन करी घ्या.

चहा फिका का लागतो तेही यातच आलं. आठ हजार फुटांच्या दाबाला पाणी ९२-९३ डिग्रीलाच उकळतं, त्यात चहापत्ती नीट उतरत नाही. दोन टी-बॅग मागा, देतात. कॉफी इन्स्टंट असल्याने तिला एवढा फरक पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्पेशल मील. दोन वर्षांमागे श्रावणात आईला घेऊन दिल्लीला निघाले. आमच्या घरी श्रावणभर शिवराक (शाकाहारी), आणि कांदा-लसूणही बंद. मला वाटलं पुढच्या क्लासचं तिकीट आहे, व्हेज तर असतंच, मागून घेऊ. ट्रे आला, आईने फॉइलचा कोपरा नखाने उचलला, वाफ वर आली आणि तिने काही न बोलता तो कोपरा परत दाबून बसवला. पनीरची ग्रेव्ही, कांदा-लसणाचा वास पहिल्या सेकंदाला कळला. डाळीतही फोडणी लसणाची. त्या मुलीने खरंच धावपळ केली, दोन बाऊल फळं आणि जास्तीचं दही आणून दिलं, तिची काही चूक नव्हती, विमानात जे चढवलेलं असतं त्यातूनच ती देणार. पण पावणेतीन तास आई पपईच्या चार फोडी आणि दह्यावर बसली आणि मला सारखं म्हणत राहिली, असू दे गो, भूक नाहीच आहे. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून बुकिंग झालं की त्याच दिवशी स्पेशल मील टाकते. वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर तुमच्या बुकिंगमध्ये जाऊन निवडायचं, फ्लाइटच्या निदान २४ तास आधी, त्याच्यापुढे किचनला कळवता येत नाही. कांदा-लसूण नको असेल तर नुसतं व्हेज निवडू नका, जैन मील निवडा, त्याचा कोड व्हीजेएमएल, त्यात कंदमुळंही नसतात. हिंदू व्हेज म्हणजे एव्हीएमएल, ते आपलं मसालेदार भारतीय शाकाहारी, त्यात कांदा-लसूण असू शकतो. डायबेटीसवाल्यांसाठी डीबीएमएल. एकादशी-चतुर्थीच्या उपासासाठी वेगळं असं काही नसतं, सगळ्यात जवळचं म्हणजे फळांचं ताट, एफपीएमएल, आणि सोबत घरून राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाणे ठेवा. सुकं काहीही न्या, पातळ डब्यात नको, सिक्युरिटीला अडकून बसायला होतं. हे सगळे प्रकार प्रत्येक फ्लाइटला मिळतीलच असं नाही, यादीत जे दिसतं त्यातून घ्या.

एजंटकडून किंवा दुसऱ्या अ‍ॅपवरून तिकीट काढलं असेल तर त्याने टाकलं म्हणाला तरी विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर घालून स्वतः बघा. जायचं आणि यायचं दोन्ही बाजूला वेगवेगळं टाका, आपोआप होत नाही. आणि सीट बदलू नका. स्पेशल मील सगळ्यांच्या आधी येतं, फॉइलवर सीट नंबरची चिठ्ठी असते, तुम्ही खिडकीसाठी कोणाशी जागा बदललीत की ते ताट दुसऱ्याच्या पुढ्यात जातं, तसं झालं तर क्रूला आधीच सांगून ठेवा. शेवटच्या क्षणी काउंटरवर अपग्रेड घेतलंत तर चढताना पहिलं काम म्हणजे माझं मील पुढे आलंय का हे विचारणं, कारण नोंद जुन्या सीटवर असू शकते. कोणाला दाण्यांची वगैरे जोरात अ‍ॅलर्जी असेल तर विमानाच्या जेवणावर भरवसा ठेवूच नका, एकाच किचनमध्ये सगळं बनतं, स्वतःचा डबा न्या आणि औषध हातातल्या बॅगेत ठेवा.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, ताट समोर येईपर्यंत ते जेवणाचं इंजेक्शन घेऊ नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाचे ढग असले की विमान हलतं, बेल्टचा दिवा लागतो आणि वाढणं मध्येच थांबतं, गरम चहा-कॉफी तर पहिली बंद होते. मुंबईच्या छोट्या फ्लाइटला कधीकधी वाढायचंच राहून जातं. दोन बिस्किटं, एक केळं खिशात असू द्या.

गोव्यातून निघणाऱ्या फ्लाइटबद्दल आणखी एक. विमान गोव्यात तासभरही थांबत नाही, त्यामुळे पुष्कळदा दोन्ही बाजूंचं जेवण मुंबई-दिल्लीहूनच भरून येतं. गोव्यातून चढलो म्हणजे गोव्याचं काहीतरी मिळेल असं नाही, आणि तेच ताट जास्त तास थंड राहिलेलं असतं.

शेवटी नियम दोन, कारण हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. फ्लाइट लेट झाली तर अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला, म्हणजे मुंबई किंवा बंगळुरूला, दोन तासांच्या वर उशिराला कंपनीने खायला-प्यायला द्यायचं असतं, त्याहून लांबच्या फ्लाइटला, म्हणजे दिल्लीला, तीन तासांच्या वर. यासाठी वेळेवर चेक-इन केलेलं असायला हवं, मग क्लास कुठलाही असो. आणि विमान बदललं, पुढचा क्लासच नाही आणि तुम्हाला खाली बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या डीजीसीएच्या नियमाने देशांतर्गत फ्लाइटला टॅक्स धरून तिकिटाच्या ७५ टक्के पैसे परत मिळतात. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला असं खाली बसवलं तेव्हा काउंटरवर एका कूपनवर भागवायला बघत होते. त्याने कूपन घेतलं नाही, खाली बसवल्याचं ईमेलवर लिहून मागितलं आणि दोन्ही बोर्डिंग पास, आधीचा बिझनेसचा आणि नंतरचा इकॉनॉमीचा, जपून ठेवले. महिन्याभराने पैसे खात्यात आले.