स्वीडनमध्ये ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्सची पीएच.डी.: अर्जापासून पहिल्या फुकट गेलेल्या फिल्मपर्यंत

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायचं आणि औषध कंपनीत लागायचं, हा आमच्या वर्गाचा ठरलेला रस्ता. मी वेगळीकडे गेलो तो पॉलिमरच्या नादानं. १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडिनची वाफ दिली आणि ते वीज वाहू लागलं. २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर, ओएलईडी पडदे हा सगळा त्याचाच गोतावळा, आणि यालाच ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात.

स्वीडनमध्ये पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते. विद्यापीठ जागेची जाहिरात काढतं, निवड झाली की पगार आणि रजा सुरू. फी नाही. मुदत ४ वर्षांची. शिकवण्याचं काम जास्तीत जास्त २० टक्के, तेवढं घेतलं तर ५ वर्षं. आपल्याकडे जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढून मग गाइड शोधता येतो, तिथे विषय आणि पैसा आधीच ठरलेला असतो. त्यामुळे ‘मला संशोधनाची आवड आहे’ छापाचं एकच पत्र सगळीकडे पाठवून उपयोग नाही. मी ते उद्योग केलेत, उत्तरं आली नाहीत.

मग पत्र बदललं. स्वतःच्या हातांनी काय केलंय तेवढंच लिहिलं. मुलाखतीत पहिलाच खोलातला प्रश्न: प्रबंधातलं काय फसलं? थायोफिन या कड्यासारख्या रेणूच्या एकाच टोकाला ब्रोमिन लावायचा होता, तो दोन्हीकडे लागायचा, आणि ती वेगळी करायच्या कॉलममधून दोन्ही संयुगं एकत्रच उतरायची. त्यावर मी दहा मिनिटं बोललो. मार्कांबद्दल कुणी विचारलं नाही.

मला घेतलं ते लिनशोपिंग विद्यापीठानं. त्याची ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा नॉरशोपिंग या गावी आहे. याच गटानं २०१५ मध्ये गुलाबाच्या देठात पॉलिमरच्या तारा तयार केल्या होत्या. गाव जुन्या कापडगिरण्यांचं, कॅम्पसही त्याच इमारतींत. मी इचलकरंजीचा, पहिल्या दिवशी माग ऐकू येत नाहीत याचंच चुकल्यासारखं वाटलं.

आता कामाबद्दल. सिंथेसिसवाल्याला वाटतं, रेणू बनला की काम झालं. इथे ते तिथून सुरू होतं. पेडॉट-पीएसएस ही वीज वाहणाऱ्या पॉलिमरची गडद निळी, पाण्यातली शाई. काच अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये धुवायची, शाई ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची, मग थेंब टाकून काच गरगर फिरवायची, की शाईचा पातळ थर बसतो, तीच फिल्म. एक धूलिकण राहिला तरी फिल्मवर शेपटीवाला धूमकेतू उमटतो. मला पहिल्या आठवड्यात अख्खं नक्षत्र मिळालं.

शाईत थोडं इथिलीन ग्लायकॉल घातलं की वाहकता कित्येक पटींनी वाढते. ते मी घातलं. गॉप्स नावाचं सायलेन विसरलो. तेच साखळ्या एकमेकींत गुंतवून फिल्मला पाण्यात टिकवतं. या फिल्मचे तीन दिवस खपून केलेले ट्रान्झिस्टर मिठाच्या पाण्यात ठेवले आणि दोन मिनिटांत निळे पापुद्रे सुटून तरंगू लागले, दुधावरच्या सायीसारखे. वहीत फक्त ‘नेहमीचं मिश्रण’ असं लिहिलेलं. नेहमीचं म्हणजे काय, हे माझं मलाच सांगता येईना.

तेव्हा येण्याआधी पायथनमध्ये आलेख काढायला शिका आणि जवळपास कुठे स्पिन कोटर (काच फिरवून थर देणारं यंत्र) असेल तर विनवण्या करून आठवडाभर तिथे बसा. ग्लव्ह बॉक्सची, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीची, सवय इथे होईल. हात आत असताना नाकाला खाज सुटते, त्यावर मात्र उपाय नाही.

ऑफर आली की त्याच दिवशी भाड्याच्या घरांच्या रांगेत नाव घाला. मी व्हिसाची वाट पाहत बसलो आणि पहिले दोन महिने सहकाऱ्याच्या सोफ्यावर काढले.