लहान मुलासाठी खेळाचं टेबल की ईझल? आधी मूल मोजा, मग दुकानात जा

दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी छोटं टेबल किंवा चित्रं काढायचा उभा फळा, म्हणजे दुकानदार ज्याला ईझल म्हणतात तो, घेताना खोक्यावरच्या वयाच्या आकड्यावर विसंबू नका. ‘३ वर्षांपुढील मुलांसाठी’ हा इशारा बहुतेक वेळा गिळता येतील अशा बारीक भागांमुळे दिलेला असतो, त्यातून उंचीचा अंदाज येत नाही. दोन वर्षांच्या दोन मुलांच्या उंचीत सात-आठ सेंटिमीटरचा फरक सहज असतो. टेबलाची उंची मात्र पाच सेंटिमीटरने चुकली तरी मुलाचे पाय लोंबकळतात नाहीतर खांदे वर चढतात, आणि मग ते टेबल कपड्यांच्या घड्या ठेवायच्या कामी लागतं.

पायरी १ : चार मापं घ्या

शिवणाची टेप आणि खाऊची वाटी घ्या. मूल खाण्यात गुंतलं की मापं पटकन होतात. चपला-बूट काढून ही चार मापं लिहून ठेवा:

- भिंतीला टेकून उभं असताना पूर्ण उंची.
- उभं असताना, हात सैल सोडून कोपर दुमडलं की जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची. ही साधारण पूर्ण उंचीच्या ६० टक्के भरते.
- पाटावर पाट रचून मुलाला असं बसवा की तळपाय जमिनीवर सपाट टेकतील, मग जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची.
- हात वर केल्यावर बोटं कुठवर पोहोचतात ते.

टेबल-खुर्चीची निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या मापावर ठरते, ईझलची पहिल्या आणि चौथ्या मापावर.

पायरी २ : टेबल हवं की ईझल, हे ठरवा

एवढ्या लहान वयात मूल चित्र मनगटाने काढत नाही. खडू मुठीत धरून खांद्यापासून सगळा हात फिरवतं. दीड वर्षाच्या आसपास नुसत्या रेघोट्या, दोनच्या पुढे उभी रेघ, तिसऱ्या वर्षी बघून गोल, असा साधारण क्रम असतो. या हालचालीला उभा पृष्ठभाग सोयीचा पडतो. हात मोकळा फिरतो, मनगट आपोआप मागे वळतं (पुढे पेन्सिल धरताना हीच स्थिती लागते), कागदावर ओणवं व्हावं लागत नाही. शिवाय या वयात मूल बसण्यापेक्षा उभं राहणंच पसंत करतं. टेबलाचा उपयोग वेगळा आहे : ठोकळे रचणं, कणकेचे गोळे करणं, पाण्याचा खेळ, खाणं.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर आमचं मत ईझलच्या बाजूने आहे. मराठी घरात टेबलाचं काम करणारी वस्तू बहुधा असतेच, ती म्हणजे चौरंग. मांडी घालून बसलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला १८ ते २० सेंटिमीटर उंचीचा, ४५ बाय ४५चा साधा लाकडी चौरंग नेमका बसतो. फक्त पत्रा मढवलेला नक्षीदार चौरंग नको, त्याच्या कडा कापतात. याउलट ऑनलाइन मिळणारी, पाय दुमडणारी ‘स्टडी टेबलं’ साधारण २५ ते २८ सेंटिमीटर उंच असतात. ती मोठ्या माणसाने लॅपटॉप ठेवावा अशा मापाची आहेत. वर कितीही अस्वलं छापली तरी दोन वर्षांच्या मुलाचे कोपर त्यावर छातीपर्यंत उचलले जातात.

पायरी ३ : टेबल घ्यायचंच असेल तर

शाळेच्या फर्निचरचं एक युरोपीय मानक आहे, ईएन १७२९. त्यातला सर्वांत लहान आकार ८० ते ९५ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी आहे : बैठक २२ सेंटिमीटर, टेबल ४० सेंटिमीटर. त्यापुढचा ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीसाठी : बैठक २६, टेबल ४६. बैठक आणि टेबल यांच्यातलं अंतर १८ ते २० सेंटिमीटर राहतं, हे लक्षात ठेवलं की कुठल्याही दुकानात टेपने पडताळता येईल. बैठकीची उंची तुम्ही घेतलेल्या गुडघ्याच्या मापाएवढी किंवा एखादा सेंटिमीटर कमी असावी, जास्त कधीच नको.

मूल दोनच्या आतलं असेल तर खुर्ची घेऊच नका. ४४ ते ४६ सेंटिमीटर उंचीचं टेबल घ्या. दीड वर्षाचं मूल त्यापाशी उभं राहून खेळतं, कारण त्याचं कोपर जेमतेम दोन-चार सेंटिमीटर वर असतं. साडेतीनला तेच टेबल २६ सेंटिमीटरच्या खुर्चीसोबत बसायला वापरता येतं. मधल्या काळात बसायचा हट्ट असेल तर चौरंग आहेच. एका मुलाला ६० बाय ५० सेंटिमीटरचा पृष्ठभाग पुरतो, दोघांना ७५ बाय ६०.

दुकानात या गोष्टी हाताने करून बघा :

- टेबलाच्या कडेच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोर द्या. मुलाचं वजन ११-१३ किलो असतं आणि ते टेबलावर चढणार आहे, हे गृहीतच धरा. पाय आत घेतलेली किंवा मधोमध एकच खांब असलेली गोल टेबलं इथे कलंडतात. पाय कोपऱ्यांत आणि किंचित बाहेर फाकलेले असतील तर टेबल स्थिर राहतं.
- टेबल उलटं करा. खिळे किंवा नुसते डिंकाचे जोड दिसले तर ठेवून द्या. पाय नटबोल्टने धरलेले असतील तर ढिले झाल्यावर पुन्हा आवळता येतात.
- कोपऱ्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवा. नाण्याच्या गोलाईपेक्षा कोपरा टोकदार असेल तर डोक्याला खोक पडण्याची भीती जास्त.
- दुमडणारे भाग हळूहळू मिटवा. मिटताना ५ ते १२ मिलिमीटरच्या फटी तयार होत असतील तर त्यात लहान बोट सापडतं. बसल्यावर शिट्टी वाजणाऱ्या स्टीलच्या घडीच्या खुर्च्यांत हा दोष हमखास दिसतो.

दिवे लागणारी, गाणी म्हणणारी ‘ॲक्टिव्हिटी टेबलं’ आम्ही सुचवत नाही. आठवडाभरात मूल सगळी बटणं दाबून मोकळं होतं आणि वर मोकळी जागा उरत नाही. कुणी भेट दिलंच तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पहिल्यांदा बघा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तशी शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं लागतं.

पायरी ४ : ईझलची मापं

मूल चित्र काढतं ते कमरेपासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यात. ८५-९० सेंटिमीटरच्या मुलासाठी फळ्याची खालची कड जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर हवी आणि वरची ९५ ते १००वर, म्हणजे हात वर केल्यावर बोटं पोहोचतात त्याच्या थोडी खाली. रुंदी निदान ५६ सेंटिमीटर असेल तर उत्तम. बाजारातला मोठा कार्डशीट २२ बाय २८ इंचांचा असतो, म्हणजे ५६ बाय ७१ सेंटिमीटर. तो उभा लावला तर खालीवर थोडा बाहेर राहतो, तेवढा दुमडून घ्या. अरुंद फळ्यावर कागद दोन्ही बाजूंनी लोंबतो आणि मूल तो आधी फाडतं.

बाजारातले बहुतेक ईझल ११० ते १२० सेंटिमीटर उंच असतात आणि खडू ठेवायची पट्टी ५० सेंटिमीटरच्या वर असते. चार वर्षांच्या मुलाला हे ठीक आहे, दोनच्या मुलाच्या ती छातीशी येते. मुलाला स्टुलावर उभं करणं हा उपाय नव्हे. रंगवता रंगवता मागे सरकलं की पडलं. पाय कमी-जास्त होणारा ईझल शोधा, नाहीतर लाकडी ईझलचे पाय कापून घ्या.

पाय कापताना चूक इथे होते : लोक प्रत्येक पायावर टेपने १० सेंटिमीटर मोजतात आणि काटकोनात कापतात. पाय तिरके असल्याने मग ईझल कडांवर उभा राहतो आणि डुगडुगतो. त्याऐवजी ईझल उघडून सपाट फरशीवर ठेवा. १० सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा पायाला लावून त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि ठोकळा सरकवत चारही पायांवर भोवताली खूण करा. ती रेघ जमिनीला समांतर येते. तिच्यावर कापलं की पाय पूर्ण टेकतात. शेवटी रबरी बूट बसवा, कारण गुळगुळीत टाइल्सवर नुसतं लाकूड घसरतं.

ईझलचे पुढचे आणि मागचे पाय उघडल्यावर त्यांच्यातलं अंतर उंचीच्या निम्म्याएवढं तरी हवं. दोन्ही बाजूंना साखळी किंवा पट्टी असावी. एकाच बाजूला असेल तर दुसरी बाजू फाकते. वरची कड धरून खाली ओढा, मग खांद्याच्या उंचीवर बाजूने ढकला. मूल नेमकं हेच करणार आहे.

मॅग्नेटिक बोर्डासोबत येणारी अक्षरं घरी आल्यावर तपासा. चुंबक अक्षरात पूर्ण बंद असेल किंवा मागे सबंध रबरी पट्टी असेल तर चालेल. मागे चिकटवलेली छोटी गोल टिकली निघते. अशा दोन टिकल्या पोटात गेल्या तर आतड्याच्या घड्या आपल्यामध्ये पकडून भोक पाडतात. शंका असेल तर अक्षरं उचलून ठेवा, फळा तसाही कामाचा आहे.

पायरी ५ : लाकूड, रंग आणि शिक्का

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त, पण पाणी लागलं की कडा फुगतात, आणि फुगलेल्या एमडीएफमध्ये स्क्रू पुन्हा धरत नाही. कोकणात किंवा मुंबईत दुसऱ्या पावसाळ्यातच हे दिसतं. रबरवूड, पाइन किंवा चांगला प्लायवूड जास्त टिकतो. प्लास्टिकचं टेबल पाण्याच्या खेळाला उत्तम, पण पाय नुसते खटकन बसणारे असतील तर ते उचलताना निखळतात.

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या ईझलवर तो शोधा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीसारख्या ठिकाणच्या कारागिराकडून घेतलेल्या वस्तूवर शिक्का नसला तर तेवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. त्याला रंग कोणता वापरला ते विचारा.

घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, असावी हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचं, ऑइलपेंटचे पोपडे निघालेलं जुनं टेबल कुणी प्रेमाने देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते घासून पुन्हा रंगवण्याचा विचार तर मुळीच नको. घासल्यावर उडणारी धूळच जास्त घातक.

सुताराकडून करून घेणार असाल

हा पर्याय अनेकदा सर्वांत चांगला, कारण माप तुमचं असतं. सुताराला सांगा : टॉपला १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय, पायांना ४० बाय ४० मिलिमीटरचं घन लाकूड. प्लायचा पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, एवढा तुकडा त्याच्याकडे दुसऱ्या कामातून उरलेला सापडतो. सनमायका लावला तर कडेला त्याची धार राहते, म्हणून कडांना लाकडी पट्टी मारून ती गोल करायला लावा आणि पॉलिश पेपर ८०, १२० आणि शेवटी २२० नंबरचा फिरवायला सांगा. लाखेचं पॉलिश टेबलाला नको, पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात. पाण्यात मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग बरं. काम झाल्यावर वस्तू दोनेक आठवडे गॅलरीत किंवा उघड्या खिडकीपाशी ठेवा. वास येत असेपर्यंत मुलाजवळ आणू नका.

फळ्यासाठी १२ मिलिमीटरचा प्लाय आणि ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात पुरतात. रंग पूर्ण वाळल्यावर खडूची आडवी बाजू सगळ्या फळ्यावर घासून पुसून टाका. हे न करता थेट लिहिलं तर पहिल्या रेघांचे ठसे कायमचे राहतात.

पायरी ६ : मांडणी आणि सामान

टेबल किंवा ईझल खिडकी, गॅलरीचा कठडा, टीव्ही यांपासून दूर ठेवा. मूल त्याची शिडी करतं. ईझलसमोर पाऊण मीटर जागा मोकळी हवी, आणि खाली जुनी सतरंजी नको, पाय अडकतो. प्लास्टिकचा कपडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्का करा.

सुरुवातीला एक जाड ब्रश आणि वाटीभर पाणी एवढंच द्या. काळ्या फळ्यावर पाण्याने रेघ उमटते, वाळते, मूल पुन्हा काढतं. पुसायचं काम नाही. मग अंगठ्याएवढे जाड मेणखडू. पातळ खडू दाबाने तुटतात आणि तुकडे तोंडात जातात. मार्करची टोपणं हवेची भोकं असलेली घ्या. कागद म्हणून भिंतीवरच्या मोठ्या जुन्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू झकास.

खडू, पाटीवरची पेन्सिल चाटून बघणं या वयात होतंच. पण मूल दोन वर्षांचं झाल्यावरही माती, खडू मागून मागून खात असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, त्यामागे लोहाची कमतरता असू शकते.

टेबलावर परात ठेवून रवा किंवा पाणी खेळायला दिलं तर वेगळं सेन्सरी टेबल, म्हणजे हाताने चाचपून खेळायचं टेबल, घ्यावं लागत नाही. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, तेही मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना, आणि खेळ संपला की लगेच ओतून द्या. हरभरे, राजमा, वाटाणे नकोत, ते नाकात जातात.

महिन्यातून एकदा सगळे बोल्ट आवळा. दर सहा महिन्यांनी कोपराचं आणि गुडघ्याचं माप पुन्हा घ्या. सुताराकडून कापलेले पायांचे तुकडे फेकू नका : लाकडी डॉवेल (गोल खुंटी) आणि डिंक लावून तेच तुकडे मूल वाढल्यावर पुन्हा जोडता येतात, फक्त कुठला तुकडा कुठल्या पायाचा हे त्यावर आधीच लिहून ठेवा.