डबा उरकू नका, जेवा! धावपळीत होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरजवळची शिरोली असो की गोकुळ शिरगाव, एमआयडीसीत जेवणाची सुट्टी बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाची. 1948 च्या कारखाना कायद्याने किमान तेवढी विश्रांती ठरवूनच दिली होती. त्यातली किती मिनिटं हात धुण्यात, ओळीत थांबण्यात आणि तंबाखू मळण्यात जातात, ते ज्याचं त्याला ठाऊक. तरी पंधरा-वीस मिनिटं उरतात आणि एका डब्याला ती पुरतात. तक्रार वेळेची असली तरी गोची भलतीच आहे. त्या वेळात आपण जेवण सोडून बाकी सगळं करतो.

घास एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात

पोट भरल्याची जाणीव नीट व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. जठर ताणल्याचा निरोप मेंदूला लवकर जातो, पण लहान आतड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांचा परिणाम सावकाश जाणवतो. रील बघत बघत सात मिनिटांत डबा फस्त केला, की ती जाणीव होईपर्यंत शेजाऱ्याच्या डब्यातली चपातीही पोटात गेलेली असते. मग तीन वाजता डोळे मिटायला लागतात आणि दोष भाताला.

"फोन बंद ठेवा" हा सल्ला सगळ्यांना परवडणारा नाही. ठेकेदाराला, मेडिकलवाल्याला, शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन घ्यावाच लागतो. अशांनी रिंग मोठी करून फोन हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा. वाजला तर उठा, बोला, परत येऊन बसा. न वाजता उचलून बघायचं तेवढं सोडा.

दुपारपर्यंत नुसत्या चहावर

सकाळी चहा-बटर, अकराला परत चहा आणि अडीच वाजता ताटावर तुटून पडायचं. कडकडून भूक लागलेला माणूस सावकाश खाऊच शकत नाही, त्याला कितीही उपदेश करा. अकराच्या चहाबरोबर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाका. कोल्हापुरात गुळाला काय तोटा! मधुमेह असेल तर गूळ वगळा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ पुढे ढकलूच नका, नेमकं काय खायचं ते डॉक्टरांना विचारा.

भाकरी वातड, म्हणून न चावताच गिळणं

ही अडचण खरी आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं आणि गार होताना पिठातला स्टार्च आवळत जातो, त्यामुळे डब्यातली भाकरी कडक होते. तव्यावरची गरम भाकरी तशीच डब्यात कोंबली, तर वाफेचं पाणी सुटून खालची बाजू गिच्च होते ती वेगळीच. भाकरी आधी उभी करून वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

तरी कडक झालीच तर कुस्करा. तुकडे बारीक करायचे, मधोमध आळं करायचं, त्यात आमटी ओतायची आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. तोवर कांदा बुक्कीनं फोडा, मीठ लावा. आमटी भाकरीत मुरली की हातानंच खा, चमचा नको. ऊन किती, ओलं किती हे जिभेआधी बोटांना कळतं. असं जेवण घाईनं उरकताही येत नाही.

झणझणीत म्हणजेच चवदार, हा समज

हे बोललं तर इथं भांडण होईल, पण बोलतोच. रविवारी मटणाच्या ताटावर बसलो की पहिला हात तांबड्या रश्श्याच्या वाटीला जातो. तोंड पेटतं, आणि मग पांढऱ्या रश्श्यातली आळणीची, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याची गोडी, खोबऱ्याचं दूध, खसखस यातलं काहीच कळत नाही. आधी पांढरा भुरका, तोही गरम असताना. मग तांबडा. तिखट लागलं की तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नसतो, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दुधादह्यातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं, म्हणून कांद्याची दह्यातली कोशिंबीर ताटात हवीच. मिसळीलाही हेच लागू. आहे तो कट आधी चाखा, जादा कट मागाहून मागता येतो.

बत्तीस वेळा चावण्याचा हिशेब

काहींचं उलटंच होतं, जेवणाची परीक्षा होऊन बसते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकच बेदाणा बघत, हुंगत, सावकाश चावत खायला लावतात. तो सराव आहे, रोज अख्खं ताट तसं जेवायचं नसतं. पहिले चार घास मन लावून खाल्ले तरी पुढच्या जेवणाचा वेग आपोआप उतरतो. चरकसंहितेतही फार भरभर नको, फार रेंगाळत नको, बोलणं-हसणं टाळून मन लावून जेवावं, असं सांगितलंय. त्यातलं न बोलण्याचं मला काही झेपत नाही. दिवसभर पांगलेलं घर रात्री ताटावरच एकत्र येतं, तिथं गप्प कोण बसणार? हप्ते, मार्क आणि भाऊबंदकी तेवढी आचवल्यावर काढा.

आग्रहाला बळी पडणं

पाहुण्यांकडे पहिल्याच वाढपाला ताट गच्च भरून घेऊ नका. आग्रह होणारच आहे, त्याला पोटात जागा ठेवा. निम्मी वाटी रस्सा, एक भाकरी, आणि वहिनी पातेलं घेऊन आल्या की "वाढा की!" म्हणून पुढची निम्मी घ्या. त्यांचंही मन राहतं. त्यानंतर मात्र वाटीवर हात ठेवा. नुसतं "नको" कोणी ऐकत नाही, "उद्याच्या डब्याला द्या" म्हटलं की लगेच झाकणाचा डबा शोधायला जातात.