जमिनीच्या चौकशीची नोटीस आली तर आधी काय बघायचं

गोव्यातल्या बार्देश तालुक्यात कोणाची ना कोणाची जमीन परस्पर विकलेली निघतेच, जुन्या पोर्तुगीज काळातल्या कागदांवर खोट्या सह्या, मालक परदेशात, आणि मग चौकशी सुरू झाली की नोटीस शेजाऱ्याला, साक्षीदाराला, प्लॉट घेणाऱ्याला पण येते. घाबरून लगेच धावू नका. आधी नोटीस नीट वाचा आणि बघा की ती कोणी, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली काढलीय, कारण बोलावण्याचा अधिकार जिथून येतो तिथूनच तुमचं संरक्षण पण येतं.

पोलिसांची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम बघा. १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. बाई असेल, ६० च्या वरचं माणूस असेल किंवा खूप आजारी असेल तर पोलिसांनीच घरी यायचं, त्यामुळे ७० वर्षांच्या आईला उद्या पणजीला घेऊन या असं कोणी म्हटलं तर हे कलम शांतपणे दाखवा. खरं सांगायचं बंधन आहे, पण ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्हा येईल ते द्यायची सक्ती नाही, आणि जबाबावर सही करायची नसते. कलम ९४ असेल तर फक्त कागद मागितलेत, ते दुसऱ्याच्या हाती पाठवले तरी चालतं. ३५(३) दिसलं तर मात्र तुमच्यावरच संशय आहे, वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

ईडीचा समन्स वेगळाच. मनी लाँड्रिंग कायद्याचं कलम ५०, तिथे जबाबावर सही घेतात आणि तो पुरावा म्हणून वापरता येतो. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, घाई करत असले तरी वाचाच.

तिसरा प्रकार चौकशी आयोगाचा, आणि याची माहिती लोकांना सगळ्यात कमी. २०२२ मध्ये गोवा सरकारने जमीन हडपण्याच्या प्रकरणांच्या तपासासाठी पोलिसांची एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली तशी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोगही नेमला. असा आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली सरकारच्या अधिसूचनेने होतो आणि साक्षीदाराला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार त्याला मिळतात. घरात शिरून वह्या जप्त करायचा जादा अधिकार मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी सरकारने कलम ५ खाली वेगळी अधिसूचना काढावी लागते, म्हणून कोणी झडतीला आलं तर तीच अधिसूचना मागा. आयोगापुढे उत्तर म्हणून जे सांगाल ते, खोटी साक्ष सोडून, तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. तुमच्या नावाला धक्का लागणार असेल तर तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं, वकील लावता येतो, उलटतपासणी पण करता येते.

एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा), सेल डीड, जे काय द्याल त्याच्या झेरॉक्स ठेवा आणि ओरिजिनल दिलं तर तारखेसकट पोच घ्या. पोलिस जप्ती करत असतील तर त्याचं व्हिडिओ शूटिंग करणं त्यांना बंधनकारक आहे, कलम १०५.

आणि नोटीस व्हॉट्सअॅपवर आली, वर व्हिडिओ कॉलवरच अटक करतो म्हणाले, पैसे मागितले, तर कॉल कट करून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा, अशी अटक कायद्यात नाहीच.