या चुका टाळा: मागचं वावर पुसू नका

पन्नास एमएमची १.८वाली लेन्स हातात आली की पोरं सहा महिने सगळं १.८वरच काढतात, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून. हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि मागचं जास्त धूसर. बोलायला मला तोंड नाही, मीही तेच केलंय.

२०१७चा हंगाम. गुलाबी बोंडअळीनं यवतमाळकडची पराटी खाल्ली होती. राळेगावकडच्या एका वावरात मावशी ओटीत कापूस वेचत होत्या. बोंडं अर्धवट उललेली, आत पिवळट कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस. मी दीड मीटरवर उभा राहून डोळ्यांवर फोकस केला, छिद्र पूर्ण उघडं. एवढ्या अंतरावर माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरला जेमतेम सहा सेंटिमीटर जागा शार्प मिळते. सुरकुत्या झकास आल्या. मागच्या किडक्या बोंडांचे मात्र मऊ, उजळ गोळे झाले, दिवाळीची माळ सोडल्यासारखे! नापिकीच्या फोटोत रोषणाई. नंतर प्रिंट नेऊन दिली, तर मावशी म्हणाल्या, "चांगला निंघाला रे बावा, पन माहं वावर कुठी गेलं?"

तेव्हापासून वावरात ३५ एमएम आणि ५.६. दोन मीटरवरून काढला की मागचं किंचित विरघळतं, पण बोंड किडकं आहे हे कळतं. पूर्ण उघडं छिद्र मी एकाच कामासाठी राखलंय: कोणी सावकाराबद्दल बोलत असेल आणि मागे पारावर माणसं बसली असतील, तर त्यांचे चेहरे ओळखू येता कामा नयेत.

मागे निळी टाकी आली म्हणून धूसर करणारे तर दर आठवड्याला भेटतात. अरे, टाकी धूसर झाली तरी निळा डाग उरतोच, आणि नजर आधी तिकडंच जाते. दोन पावलं सरका, नाहीतर धुऱ्यावर बसा. पँटला माती लागेल, लागू द्या.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर भरवसा नको. छिद्र कितीही ठेवा, तिथं लेन्स पूर्ण उघडीच असते, त्यामुळे आठवर मागचा खांब किती ठसठशीत येणार ते दिसत नाही. प्रिव्ह्यूचं बटण दाबा, ते छिद्र ठरवल्याएवढं बारीक करून दाखवतं; नसेल तर एक फोटो काढून झूम करून बघा. एवढाही धीर नसेल तर लग्नाच्या ऑर्डरी घ्या.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड पोळ्याला बैलाचं शिंगच खातो. बंद ठेवा.

आणि घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये मागचं धूसर केलं असेल, तर तो फोटो मला दाखवायला आणू नका.